हिवाळ्यात नॉरफोकला जायचंय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

मुलांकडे आलेले आई-बाबा असोत, नाहीतर नुकतेच शिकायला-नोकरीला आलेले तरुण असोत, नाताळच्या सुट्टीत इंग्लंडमध्ये कुठे जायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. समुद्रकिनारा सुचवला की हमखास उत्तर येतं, ‘एवढ्या थंडीत?’ माझं मत याच्या अगदी उलट आहे. नॉरफोक ही पूर्व किनाऱ्यावरची काउंटी बघायचीच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत बघावी. वाळूत दुलईसारखी पांढरी लोकर पांघरून पडलेली सीलची पिल्लं आणि पहाटे डोक्यावरून जाणारे हजारो कादंब (बदकांच्या कुळातले मोठे स्थलांतरित पक्षी) उन्हाळ्यात दिसत नाहीत. पण या दिवसांत उजेड थोडा असतो, गाड्या कमी असतात आणि समुद्र लहरी असतो. म्हणून सहल आखताना क्रम महत्त्वाचा. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी हेच समजावून सांगत असतो, ते इथे एकत्र लिहितो आहे.

१. महिना आणि तिथी ठरवा

आधी हॉटेल, मग बाकीचं, असं करू नका. इथे वेळापत्रक चंद्र ठरवतो.

करडे सील किनाऱ्यावर येऊन पिल्लं घालतात ते साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. आइसलँड-ग्रीनलँडकडून येणारे गुलाबी पायांचे कादंब सप्टेंबरअखेरीस यायला लागतात आणि भर हिवाळ्यात त्यांची संख्या सगळ्यात जास्त असते. भिगवणला किंवा जायकवाडीला पट्टकादंब पाहिले असतील तर हे त्यांचेच भाऊबंद. दोन्ही बघायचं तर डिसेंबर किंवा जानेवारीचा पहिला भाग उत्तम.

आता तिथी. हे कादंब रात्री द वॉश नावाच्या उथळ खाडीच्या चिखलात झोपतात आणि पहाटे शेतांकडे निघतात. पौर्णिमेच्या आसपास मात्र चांदण्यात ते रात्रीच चरायला जातात. मग तुम्ही पहाटे कुडकुडत उभे राहता आणि आकाश रिकामं राहतं. म्हणून पौर्णिमेच्या आगेमागचे दिवस टाळा.

दुसरी गोष्ट भरतीची. कोकणातल्या माणसाला सवय असते ती तिथीच्या पाऊणपटीच्या हिशेबाची: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर हे गणित चालत नाही. तिथे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते आणि पुढे रोज थोडी थोडी उशिरा होत जाते. डिसेंबरात सूर्य उगवतो आठ वाजता, त्यामुळे ऐन अमावास्येची भरती काळोखातच निघून जाते. पण अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी ती आठच्या आसपास येते. पाणी अजून चांगलं चढतं आणि उजेडही असतो. पहाटे कादंब आणि लगेच भरतीने हुसकावलेले चिखलपक्षी, दोन्ही एकाच सकाळी मिळण्याचे हे दिवस. घरात कालनिर्णय असेल तर तेच काढून बसा. तारीख नक्की करण्याआधी त्या आठवड्याचं इंग्लंडमधलं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. द वॉशच्या काठावरच्या स्नेटिशॅमला कुठल्या दिवशी भरती पुरेशी मोठी आहे, त्याच्या तारखा आरएसपीबी ही पक्षीसंस्था स्वतःच जाहीर करते.

नाताळचा दिवस प्रवासासाठी धरू नका. २५ डिसेंबरला इंग्लंडमध्ये रेल्वे पूर्ण बंद असते, बसही जवळपास नसतातच. २६ तारखेलाही फारसं काही धावत नाही. शिवाय त्या आठवड्यात रेल्वे दुरुस्तीची मोठी कामं काढते आणि निम्म्या वाटेवर उतरवून बसमध्ये बसवते. गाडीची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

२. कागदपत्रं

इथे राहणाऱ्यांना फक्त ओळखपत्र पुरे. भारतातून येणाऱ्यांसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यापासून निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. डिसेंबरात यायचं तर गणपती आटोपले की अर्जाला लागा. साधारण ही चवड जमवा:

- पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही
- सहा महिन्यांचं बँक विवरण, आयकर विवरणपत्र, पेन्शनचा किंवा पगाराचा पुरावा
- नोकरीत असाल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र
- मुलाचं-मुलीचं निमंत्रणपत्र, त्यांच्या वास्तव्याचा आणि पत्त्याचा पुरावा
- घर, शेती यांची कागदपत्रं
- प्रवास विमा

यात एक खाच आहे. जी कागदपत्रं इंग्रजीत नाहीत त्यांना प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. आपला सातबारा मराठीत असतो. तो तसाच जोडला तर त्याचा उपयोग शून्य.

विमा नियमाने सक्तीचा नाही, पण सत्तरीच्या माणसाला बर्फाळ पायवाटेवर विम्याशिवाय नेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला रुग्णालयात दाखल करावं लागलं तर तो खर्च स्वतःचा असतो. आधीपासूनचे आजार विम्याच्या अर्जात लिहा. रक्तदाब-मधुमेह लपवला तर दावा नाकारला जातो.

सामानाबद्दलही एक सूचना. भारतातून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी नको. चिवडा, शंकरपाळे, लाडू न्यायचे तर तूप न घालता तेलावर करा.

३. पोचायचं कसं

लंडनहून दोन दारं आहेत आणि कुठलं निवडायचं हे काय बघायचं यावर ठरतं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून नॉरफोकच्या मुख्य शहराला, नॉरिजला, सुमारे दोन तास लागतात. पूर्वेकडचे सील, क्रोमर आणि शेरिंगम यांसाठी हा मार्ग. किंग्ज क्रॉसहून किंग्ज लिनलाही जवळपास तेवढाच वेळ. स्नेटिशॅम, हन्स्टंटन, वेल्स (हे किनाऱ्यावरचं गाव, वेल्स देश नव्हे) यांसाठी तो सोयीचा. हीथ्रोवर उतरून थेट जायचं असेल तर एलिझाबेथ लाइन लिव्हरपूल स्ट्रीटलाच नेऊन सोडते, जिने चढ-उतार नाही.

आगाऊ तिकीट स्वस्त पडतं. साठीच्या पुढच्यांनी सीनियर रेलकार्ड काढावं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो आणि तिकिटावर एक-तृतीयांश सवलत मिळते. ज्येष्ठांचा मोफत बसपास मात्र इथल्या रहिवाशांनाच असतो, पाहुण्यांना नाही.

किनाऱ्याने बस आहेत. किंग्ज लिनहून हन्स्टंटन करत वेल्सपर्यंत एक, आणि वेल्सहून क्रोमरपर्यंत दुसरी. हिवाळ्यात आणि रविवारी फेऱ्या विरळ होतात, आणि शेवटची बस आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच लवकर सुटते. परतीची वेळ आधी, जातानाची नंतर, असं ठरवा. ठिकाणांची नावं लिहिल्याप्रमाणे उच्चारली तर चालक गोंधळतो, म्हणून फलकावर काहीही लिहिलेलं असो, तोंडाने ‘नॉरिज’ (Norwich), ‘क्लाय’ (Cley), ‘हेझबरा’ (Happisburgh), ‘विंडम’ (Wymondham) असंच म्हणा.

शक्य असेल तर भाड्याने गाडी घ्या. पहाटेचे पक्षी आणि हॉर्सीचे सील बसने जमत नाहीत. भारतीय परवान्यावर इंग्लंडमध्ये आल्यापासून वर्षभर गाडी चालवता येते, आणि इथेही डावीकडूनच चालवतात. गाडी घेताना चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी मागतात. ते नसेल तर काउंटरवर अडचण होते. किनाऱ्याचा ए१४९ हा रस्ता गावांमधून इतका अरुंद होतो की समोरून बस आली तर थांबून वाट द्यावी लागते. हिवाळ्यात बीटाच्या शेतातून येणारे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडतात आणि तो निसरडा असतो. पहाटे डांबरावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो. सावकाश चालवा, हरणं आडवी येतात.

४. मुक्काम

गाडी नसेल तर नॉरिज. स्टेशन, रुग्णालय, भारतीय किराणा, सगळं शहरात आहे आणि १०९६ मध्ये बांधायला घेतलेलं कॅथीड्रल पावसाच्या दिवशी बघायला उपयोगी पडतं. गाडी असेल तर उत्तर किनाऱ्यावर वेल्स किंवा शेरिंगम.

नाताळ ते नवीन वर्ष सोडलं तर दर उन्हाळ्यापेक्षा कमी असतात. बुकिंग करताना तीनच गोष्टी विचारा: हीटिंग भाड्यात धरलंय का, रात्री ते बंद होतं का, आणि झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे का. जुन्या घरांचे जिने फार चिंचोळे आणि उभे असतात. गुडघे दुखणाऱ्यांना ते जमत नाहीत.

५. कपडे

तापमान फार खाली जात नाही, दिवसा सहा-सात अंश असतं. बोचतो तो उत्तर समुद्रावरून येणारा वारा. त्याला जाड स्वेटर अडवत नाही, वारा न शिरणारं वरचं जाकीट अडवतं. आत थर्मल, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर जलरोधक जाकीट. आईला साडीच नेसायची असेल तर आत थर्मल लेगिंग आणि लोकरी मोजे घाला, आणि साडी घोट्याच्या वर नेसा, कारण ओला काठ पायाला चिकटला की गारठा उतरत नाही. माकडटोपी बिनदिक्कत घाला. तिच्याइतके कान दुसऱ्या कशाने झाकत नाहीत.

पायात चिखलाला चालणारे बूट हवेत. स्पोर्ट्स शूज पहिल्या तासातच भिजतात. सोबत दुर्बीण, डोक्याला बांधायची विजेरी, गरम चहाचा थर्मास आणि मोबाइलवर उतरवून ठेवलेला नकाशा. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं.

६. सील बघताना

ग्रेट यार्मथच्या उत्तरेला हॉर्सी गॅप नावाची जागा आहे. गाडीतळ पैसे भरून वापरायचा. शनिवार-रविवारी तो सकाळीच भरतो, म्हणून मधल्या वारी जा. गाडीतळापासून वाळूच्या टेकड्यांवरून वाट जाते. तिला दोऱ्या बांधलेल्या असतात आणि ‘फ्रेंड्स ऑफ हॉर्सी सील्स’चे स्वयंसेवक उभे असतात. त्यांना विचारा, फार आपुलकीने सांगतात. खाली वाळूत उतरायचं नाही. वरून बघितलं तरी सील इतके जवळ असतात की दुर्बीण खाली ठेवाल.

पहिल्यांदा ऐकू येतो तो आवाज, लहान मूल रडावं तसा लांबलेला. मग नजर सरावली की खडकासारखे वाटणारे आकार हलायला लागतात. पिल्लू जन्मतं तेव्हा चौदा किलोच्या आसपास असतं, अंगावर पिवळसर पांढरी लोकर, आणि त्वचा इतकी सैल की मानेवर वळ्या पडतात. आई जेमतेम तीन आठवडे पाजते. तिच्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते, आणि त्या काळात ती स्वतः काही खात नाही. तीन आठवड्यांत पिल्लाचं वजन तिपटीवर जातं आणि आई हाडकुळी होते. मग ती त्याला सोडून समुद्रात निघून जाते. पिल्लू पांढरी लोकर टाकतं, साठवलेल्या चरबीवर दिवस काढतं आणि एक दिवस स्वतःच पाण्यात उतरतं.

हे नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाची चूक इथेच होते. एकटं पडलेलं पिल्लू ‘अनाथ’ वाटतं, डोळ्यांतून पाणी ओघळताना दिसतं, आणि कोणीतरी जवळ जातं. माणसाच्या वावराने बिथरलेली आई पिल्लाला कायमची टाकून जाऊ शकते. पिल्लाला पाण्याकडे हाकलणं तर त्याहून वाईट, पांढरी लोकर असेपर्यंत त्याला समुद्र झेपत नाही. मुलांचा हात धरून ठेवा, ड्रोन उडवू नका. पिल्लू जखमी वाटलं तर स्वयंसेवकाला सांगा. सीलचा चावा खोल जातो आणि चिघळतो, मोठा नर तर तीनशे किलोपर्यंत भरतो.

ज्यांना चालणं झेपत नाही त्यांच्यासाठी उत्तर किनाऱ्यावर मॉर्स्टनहून होड्या सुटतात. त्या ब्लेकनी पॉइंटजवळून फिरवतात, तिथे इंग्लंडमधली करड्या सीलची सगळ्यात मोठी वसाहत आहे. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्या असतात आणि वेळा भरतीवर ठरतात, म्हणून आधी नोंदणी करा. उघड्या होडीत थंडी किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. एक ब्लँकेट जवळ ठेवा.

७. कादंबांची पहाट

स्नेटिशॅमला गाडी लावून पाणवठ्यांच्या कडेने चालत जायचं असतं. वेळ पाऊण तास धरा, आणि तोही काळोखातला. म्हणजे सूर्योदय आठचा असेल तर साडेसहाला गाडीतून उतरलेले असायला हवं. विजेरीचा झोत खाली ठेवा, बोलू नका.

आधी नुसता कलकलाट येतो, खाडीच्या अंधारातून. पूर्वेकडे फटफटायला लागलं की पहिली रांग वर उठते, मग दुसरी, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. रांगा एकमेकींत मिसळतात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि डोक्यावरून जाताना पंखांचा आवाज वेगळा ऐकू येतो. ते निघालेले असतात बीटाच्या शेतांकडे. नॉरफोकमध्ये साखर उसाची नाही, बीटाची होते. हिवाळाभर काढणी चालते आणि शेतात उरलेल्या पाल्यावर हे पक्षी जगतात. ज्यांनी गावाकडे ऊसतोडीचा हंगाम पाहिलाय त्यांना त्या शेतांजवळ थांबायला आवडेल.

कादंब गेले तरी परतू नका. पाणी चढत असतं. चिखल आक्रसतो तसे नॉट नावाचे छोटे पक्षी दाटीवाटीने एका पट्ट्यावर येतात आणि जागा संपली की हजारोंनी एकदम उठतात. थवा वळतो तेव्हा एका क्षणी काळा आणि दुसऱ्या क्षणी चंदेरी दिसतो. मग ते मागच्या तळ्यांवर येऊन टेकतात. तिथल्या लपणीत बसून त्यांना निवांत बघता येतं, आणि थर्मास उघडायची वेळ हीच.

त्याच दिवशी दुपारी हन्स्टंटन गाठा. पूर्व किनाऱ्यावर असूनही हे गाव पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. डिसेंबरात सूर्यास्त पावणेचारला होतो, साडेतीनपर्यंत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कड्याखाली पोचा. ओहोटी असेल तरच खाली उतरा, आणि कड्याला चिकटून उभे राहू नका, दगड सुटतात.

८. धोके, जे कोणी आधी सांगत नाही

उत्तर किनारा सपाट आहे. भरती समोरून येताना दिसत नाही, मागच्या ओहळांमधून येते आणि परतीची वाट आधी बुडते. वेल्सच्या किनाऱ्यावर पाणी चढायला लागलं की भोंगा वाजतो. तो वाजला की फोटो राहू द्या, लगेच निघा.

ब्लेकनीच्या धक्क्यावरचा गाडीतळ मोठ्या उधाणात पाण्याखाली जातो. ब्रँकॅस्टरच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ताही बुडतो. गाडी लावण्याआधी तिथला फलक वाचा आणि भरतीची वेळ बघा. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या भाड्याच्या गाडीचा भुर्दंड लहान नसतो.

उत्तरेचा वारा आणि कमी दाबाचं वादळ एकत्र आलं की समुद्राचं पाणी दक्षिणेकडे लोटलं जातं आणि किनाऱ्यावर पूर येतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री अशाच पुरात इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. ५ डिसेंबर २०१३ ला किनाऱ्यावरच्या हेम्सबी गावातली घरं कोसळली. पुराचे इशारे सरकारी संकेतस्थळावर रोज मिळतात. इशारा असेल तर त्या दिवशी नॉरिजमध्येच राहा.

हेझबराचा तांबडा-पांढरा दीपस्तंभ जरूर बघा. त्याच गावच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये आठ लाख वर्षांपेक्षा जुने माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले आणि काही दिवसांत लाटांनी पुसलेही. तिथला कडा मातीचा आहे आणि पावसानंतर ढासळतो. वर काठाशी जाऊ नका, खाली त्याच्या पायथ्याशी बसू नका.

किनाऱ्यावर कोणी अडकलं तर ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. साध्या आजारपणात सल्ल्यासाठी १११.

९. खाणं

गावातल्या पबचं स्वयंपाकघर बहुधा दोन-अडीचला बंद होतं आणि सहाला उघडतं. मधल्या वेळेत चहा-बिस्किटांवर भागवावं लागतं, म्हणून थालीपीठं किंवा धपाटे डब्यात असू द्या. जानेवारीत अनेक कॅफे आठवडेच्या आठवडे बंद असतात, निघण्याआधी फोन करा. शाकाहाऱ्यांना रविवारच्या रोस्टमध्ये (भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणात) मांसाऐवजी नट रोस्ट, म्हणजे सुक्यामेव्याचा भाजलेला पदार्थ, मिळतं, ग्रेव्ही भाज्यांची आहे ना हे विचारून घ्या. तळलेले चिप्स चरबीत तळतात का तेलात, हेही विचारा, काही दुकानं अजून बीफच्या चरबीत तळतात.

मासे खाणाऱ्यांनी क्रोमरच्या प्रसिद्ध खेकड्यांची आशा ठेवू नये, त्यांचा हंगाम वसंतात सुरू होतो. हिवाळ्यात ब्रँकॅस्टरच्या बाजूचे शिंपले घ्या. स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरला असाल तर लसूण, मिरची, कोथिंबीर आणि नारळाच्या दुधात ते उत्तम होतात. आधी गार पाण्यात धुवा. उघडे शिंपले टिचकी मारून बघा, मिटले नाहीत तर टाका. शिजवल्यावर जे उघडत नाहीत तेही टाका.